बुडवलेलं शहर कोणाचं? सात लेखकांच्या सामायिक जगाचं एक प्रकरण

एका कल्पित जगात सात जण मिळून लिहीत होते आणि एका कथेने ते जग मोडायच्या बेताला आलं. त्या सातांत मी होतो. माझ्याकडे कथा वाचून विसंगती टिपण्याचं काम होतं. संबंधितांच्या परवानगीने हे लिहितो आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील आणि जगातली नावं बदलली आहेत. कोणाचं चुकलं हे ठरवणं हा या लेखाचा हेतू नाही. पण जिथे माझं चुकलं, तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मूळ लेखिकेने हे जग आठ वर्षं एकटीने रचलं होतं. नदीच्या मुखाशी बेटाबेटांवर वसलेलं, पुलांनी जोडलेलं एक शहर होतं. त्याला इथे सेतुनगर म्हणू. शहराच्या मागे डोंगररांग, तिच्या समुद्राकडच्या अंगाला धो धो पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछायेतलं कोरडं पठार. आकाशात दोन चंद्र: थोरल्याची पौर्णिमा दर ३० दिवसांनी, धाकट्याची दर १२ दिवसांनी. हे सगळं तिने १४० पानांच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. नावाड्यांच्या शिव्या, पुलांवरचे कर, राजघराण्याच्या सहा पिढ्या, दोन्ही चंद्रांची गाणी. इतक्या मायेने लिहिलेलं टिपण मी क्वचितच वाचलं आहे.

मग तिने ते जग आम्हा सहा जणांसाठी खुलं केलं. तिचं आमंत्रण एका ओळीचं होतं: "या आणि लिहा." त्या ओळीपलीकडे काहीच ठरलेलं नव्हतं. १४० पानांत नावाड्याच्या पागोट्याचा रंग होता, पण एखाद्या गोष्टीवर दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे कुठेच नव्हतं.

पहिली दोन वर्षं फार चांगली गेली. ३८ कथा झाल्या. सामायिक जगाचा खरा आनंद काय असतो ते त्या काळात कळलं. एका लेखकाने कथेत जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ओहोटी लागली की पुलावरचा पहारेकरी घंटा वाजवतो. वाक्य तिथेच संपलं होतं. सहा महिन्यांनी आमच्यातल्या एका लेखिकेने त्या घंटेवरून पूर्ण कथा लिहिली. तिचा घंटेकरी बहिरा होता. घंटेचा कंप तळव्यांना जाणवला की आपण ती वाजवली, एवढंच त्याला कळायचं. मूळ वाक्य लिहिणारा ती कथा वाचून म्हणाला, "माझ्या एका वाक्यात हा माणूस उभा होता आणि मला दिसला नाही." हा घंटेकरी पुढे आणखी चार जणांच्या कथांमध्ये येऊन गेला.

किरकोळ खटके उडत होते. एका कथेतला पायी निघालेला निरोप्या शहरातून पठारावर दोन दिवसांत पोचला. नकाशावर ते अंतर ३०० किलोमीटर होतं. डोंगरवाटेने चालणारा माणूस दिवसाला २५-३० किलोमीटर कापतो, म्हणजे दहा-बारा दिवसांची वाट. मी कळवलं आणि लेखकाने त्याच रात्री बदल केला. दुरुस्त्या इतक्या सहज होत होत्या, की आमच्यात नियमांची गरजच नाही असं मला वाटू लागलं. आजवर कोणाच्या जिव्हारी लागेल अशी दुरुस्ती आली नव्हती, हे खरं कारण होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही.

अडचण

तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकाने (गणिताची आवड असल्यामुळे त्याला इथे गणिती म्हणतो) एक दीर्घकथा फाइलमध्ये टाकली. त्या जगाच्या ४१२व्या वर्षी महाभरती येते आणि सेतुनगर बुडतं. शेवटच्या प्रसंगात बहिरा घंटेकरी पाणी छातीशी येईपर्यंत घंटा वाजवत राहतो आणि बुडून मरतो. आमच्या जगातल्या उत्तम कथांपैकी ती एक होती, आणि पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं.

मूळ लेखिकेच्या टिपणात महाभरती होती, पण "शतकातून एकदा". गणितीने चंद्रांचे आकडे घेऊन हिशेब मांडला होता. आपल्या पृथ्वीवर अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते. साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासात असं दोनदा होतं. सेतुनगरच्या आकाशात थोरला चंद्र दर १५ दिवसांनी सूर्याच्या रेषेत येणार, धाकटा दर ६ दिवसांनी. मग एकदा दोघेही एकत्र रेषेत आले, की पुन्हा तसं ३० दिवसांनी होणार. म्हणजे टिपणात शतकातून एकदा येणारी महाभरती आकड्यांप्रमाणे महिन्यातून एकदा येत होती. "मी नवं काही आणलेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्याच आकड्यांचा हिशेब केला. हे शहर इतकी वर्षं उभं कसं, हाच खरा प्रश्न आहे."

मूळ लेखिकेचं उत्तर असं होतं: "हिशेब बरोबर असेल. पण शहर तुझं नाही."

त्याच वेळी आमच्यातली तिसरी एक लेखिका सेतुनगरवर कादंबरी लिहीत होती. काळ ४३०, म्हणजे बुडण्यानंतरची १८ वर्षं. तिच्या कादंबरीतलं शहर गजबजलेलं होतं. साठ हजार शब्द झाले होते आणि पहिली प्रकरणं एका प्रकाशकाकडे वाचायला गेली होती. ती चार दिवस काहीच बोलली नाही. मग तिने फक्त मला विचारलं, "मला माझी कादंबरी घेऊन या जगातून बाहेर पडता येईल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घंटेकरी जिचा होता, तिला तो मेल्याचं कथा वाचतानाच कळलं. तिला आधी कोणी विचारलं नव्हतं. पहिले दोन आठवडे या गोष्टीकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही. आम्ही भरती-ओहोटीवर बोलत राहिलो, कारण त्यावर बोलणं सोपं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कथा नाकारण्याचा. मूळ लेखिकेला तो हवा होता आणि जग तिचं म्हणून तिघे तिच्या बाजूने होते. मी विरोध केला. टिपणातल्या आकड्यांवरून नीट विचार करून लिहिलेली कथा नाकारली असती, तर पुढे कोणीही टिपण मन लावून वाचलं नसतं.

दुसरा पर्याय कथा जशीच्या तशी मानण्याचा. त्यात कादंबरी मोडत होती.

तिसरा, दोन प्रवाह करण्याचा: एका प्रवाहात शहर बुडालं, दुसऱ्यात नाही. वरवर पाहता यात कोणाचंच नुकसान नव्हतं, आणि आठवडाभर आम्ही याच वाटेने निघालो होतो. पण दोन प्रवाह झाले की पुढच्या प्रत्येक कथेला "हे कोणत्या सेतुनगरमधलं" हे सांगावं लागणार. एकाच्या वाक्यातून दुसऱ्याची कथा उगवावी यासाठी दोघांच्या पायाखाली जमीन एकच लागते. दोन प्रवाहांत ती घंटा एकाच बाजूला वाजली असती.

चौथा पर्याय खुद्द गणितीनेच सुचवला: धाकट्या चंद्राची कक्षा लांबट करू. भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आपला चंद्र जवळ असतो तेव्हा साधारण ३,६३,००० किलोमीटरवर असतो आणि दूर असतो तेव्हा ४,०५,००० किलोमीटरवर. एवढ्या फरकानेही ओढ सुमारे ४० टक्क्यांनी बदलते. धाकटा चंद्र याहून कितीतरी लांबट कक्षेत फिरवला, तर मोठ्या भरत्या विरळ करता येतील. शास्त्र बरोबर होतं. पण मग तो आकाशात कधी लहान, कधी मोठा दिसायला हवा होता आणि ३८ कथांपैकी एकाही कथेत तो तसा दिसत नव्हता. त्यांतल्या १६ कथांमध्ये त्याचं वर्णन होतं. मी मोजलं होतं.

मालकीबद्दलही बोलणं निघालं. कोणीतरी सुचवलं, की सगळं जग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेयनिर्देश, समान वाटप' परवान्याखाली टाकू, म्हणजे श्रेय देऊन ते कोणालाही वापरता येईल. हे परवाने २००२पासून वापरात आहेत आणि सामायिक लेखनाला सोयीचे आहेत. पण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, आणि त्या लेखनावर बेतलेलं नवं लेखन प्रसिद्ध करायचं तर तेही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. बहुतेक प्रकाशकांना कादंबरीचे हक्क फक्त स्वतःकडे हवे असतात. आमची कादंबरीकार तिथेच अडकली असती. ज्यांना पुस्तक काढायचंच नाही अशा गटासाठी हा पर्याय मला आजही पहिला वाटतो. आमच्यासाठी तो नव्हता.

काय केलं

पहिला उपयोगी निर्णय घेतला गेला तो एका रविवारच्या चार तासांच्या बैठकीत. घंटेकऱ्याची लेखिका तोवर गप्प होती. ती म्हणाली, "तुम्ही सगळे पाण्यावर बोलताय. माझा माणूस मेला आहे." त्यानंतर आम्ही प्रश्न वेगळे केले. जगाचे नियम जुळतात का, हा एक. कोणाचं काय आहे, हा दुसरा. आणि दुसऱ्याने घडवलेल्या पात्राचं आपण काय करू शकतो, हा तिसरा. तोवर प्रत्येक जण आपल्याला दुखणाऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नात शोधत होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनपेक्षित माणसाकडून आलं. हवामानाचा अभ्यास असलेला एक सदस्य म्हणाला, की आकडे बदलूच नका. उत्तर समुद्रात १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री जो पूर आला, त्यात एकट्या नेदरलँड्समध्ये १,८०० हून अधिक माणसं गेली. उधाणाची भरती तिथे महिन्यातून दोनदा येतेच. त्या रात्री तिच्या जोडीला वादळ होतं आणि वाऱ्याने समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकललं होतं. भरती नेहमीची, वादळ क्वचितचं, आणि दोन्ही एकाच रात्री येणं त्याहून क्वचित.

मग सगळं जागेवर बसलं. दर ३० दिवसांनी मोठं उधाण येणारच, आणि सेतुनगर त्याच हिशेबाने बांधलेलं आहे. खालच्या मजल्यावर कोणी राहत नाही, पूल उंच आहेत, घंटा आहे. शतकातून एकदा त्याच दिवशी समुद्रावरून वादळ येतं आणि डोंगरातल्या पावसाने नदीही फुगलेली असते. ती महाभरती. गणितीचा हिशेब शाबूत राहिला आणि मूळ लेखिकेचं "शतकातून एकदा"ही. शिवाय ओहोटीला घंटा का वाजते, याचं कारण तीन वर्षांनी पहिल्यांदा कळलं: खालच्या वाटा चालण्याजोग्या झाल्या, हे सांगण्यासाठी. त्या संध्याकाळी मूळ लेखिका बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

दुसरं काम फाइलचं. १४० पानांतून आम्ही नऊ पानांची वही काढली. त्यात फक्त 'पक्कं' ठेवलं, म्हणजे ज्यावर इतर कथा उभ्या आहेत आणि जे सर्वांच्या संमतीशिवाय बदलायचं नाही: चंद्रांचे आकडे, नकाशावरची अंतरं, काळाचे अकरा टप्पे. उरलेलं बहुतेक 'सैल' ठरलं. ते पाळलं तर चांगलं, आणि कथेला गरज असेल तर सांगून बदलायचं. तिसरा भाग 'ऐकीव'. त्या जगातली माणसं जे सांगतात ते, खरं असेल किंवा नसेल. "४१२मध्ये महाभरती आली" हे पक्कं झालं. किती बेटं बुडाली हे ऐकीव ठेवलं. गणितीच्या कथेतला निवेदक सगळं शहर बुडालं म्हणतो, कारण तो खालच्या बेटावरचा आहे आणि त्याचं सगळं शहर तेवढंच. कादंबरी वरच्या बेटांवर घडते.

वहीवर सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत सात आठवडे गेले. १३१ पानं 'पक्कं'मधून बाहेर जाताना पाहणं मूळ लेखिकेला किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. ओळ काढताना ती दर वेळी ती का लिहिली होती ते सांगायची. आम्ही घाई केली नाही. आम्ही केलेल्या थोड्या बरोबर गोष्टींपैकी ही एक.

मालकीचं आम्ही दोन पानांवर लिहून काढलं. लेखनहक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात (१८८६) आज १८० हून अधिक देश आहेत आणि त्यानुसार लेखनाचा हक्क लिहिताक्षणी लेखकाला मिळतो, नोंदणी लागत नाही. पण हा हक्क शब्दांत उतरलेल्या रूपाचा असतो, नुसत्या कल्पनेचा नाही. बौद्धिक संपदेबद्दलच्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करारात ते स्पष्ट लिहिलं आहे. पुलावर घंटा असावी ही कल्पना कोणा एकाची नाही. बहिऱ्या घंटेकऱ्याची कथा मात्र जिची तिचीच. या दोन टोकांच्या मधला पट्टा मोठा आहे आणि देशोदेशी त्याचे निवाडे वेगळे होतात, म्हणून आम्ही तो आपसात ठरवला. जागा, इतिहास आणि निसर्ग सगळ्यांचे. पात्र आणि मजकूर ज्याचा त्याचा. वहीतलं जग वापरून पुस्तक काढायची परवानगी प्रत्येकाला, मूळ लेखिकेचं श्रेय देऊन. कोणी बाहेर पडलं तर आपली पात्रं घेऊन जाईल, पण झालेल्या कथांमध्ये ती पात्रं जशी आहेत तशी राहतील.

पात्राच्या मरणाबद्दल एका सदस्याने जुनी आठवण काढली. अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट आपल्या कल्पित दैवतांचा वापर मित्रांना मुक्तपणे करू देत. त्यांच्या मित्रांपैकी तरुण लेखक रॉबर्ट ब्लॉक यांना आपल्या कथेत लव्हक्राफ्ट यांच्यावर बेतलेलं पात्र मारायचं होतं. त्यांनी आधी परवानगी मागितली आणि १९३५ साली लव्हक्राफ्ट यांनी ती पत्राने, लेखी दिली. पुढे स्वतःच्या कथेत त्यांनी ब्लॉक यांच्यावर बेतलेलं पात्र मारून परतफेड केली. हे ऐकून घंटेकऱ्याची लेखिका एवढंच म्हणाली, "विचारलं असतं तर मीही दिली असती."

गणितीने तिची माफी मागितली, मनापासून. कथेचा शेवट त्याने बदलला: घंटा थांबते, माणूस सापडत नाही. बदललेला शेवट पहिल्याइतका चांगला नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

काय झालं

कादंबरी पूर्ण झाली. ४३० सालच्या शहरात आता खालच्या बेटांच्या भिंती पाण्याबाहेर डोकावतात आणि नायिकेची आई त्या बाजूची खिडकी कधी उघडत नाही. हे पहिल्या खर्ड्यात नव्हतं. लेखिकेच्या मते कादंबरीतली सगळ्यात खरी जागा तीच.

घंटेकऱ्याची लेखिका पाच महिन्यांनी बाहेर पडली. भांडण झालं नाही. ती म्हणाली, की तिथे लिहायला बसलं की आपल्या माणसाकडे कोण कधी हात घालेल या विचारातच वेळ जातो. लेखी नियम आला होता, पण तिचा विश्वास परत आला नाही. ठरल्याप्रमाणे घंटेकरी तिच्याबरोबर गेला. पुलावरच्या घंटेला त्यानंतर कोणी नवा माणूस दिला नाही. तसा नियम नाही, पण कोणी दिला नाही.

नव्या कथांचा वेग वर्षभर मंदावला, मग हळूहळू पूर्ववत झाला. दोन नवे लेखक आले. त्यांना आधी नऊ पानं आणि करार दिला, जुनी १४० पानं मागाहून.

आता वेगळं काय करता आलं असतं

दोन पानांचा करार पहिल्या कथेच्या आधी व्हायला हवा होता. तेव्हा तो एका संध्याकाळीच झाला असता, कारण कोणाचंच काही पणाला लागलेलं नव्हतं. मित्रांमध्ये कागद करणं आम्हाला परकेपणाचं वाटलं. प्रत्यक्षात कागद नसल्यामुळे मित्रांना एकमेकांच्या मनातलं ओळखावं लागलं, आणि ते ओळखण्यात आम्ही सगळेच कमी पडलो.

माझी मोठी चूक वाचनाच्या क्रमाची. गणितीची कथा सर्वांच्या आधी माझ्याकडे आली होती. मी तारखा, चंद्र, अंतरं तपासली, सगळं बरोबर असल्याचं कळवलं आणि पुढे पाठवली. दुसऱ्याच्या पात्राला काय होतं आहे, हे मी तपासलंच नाही, कारण विसंगती म्हणजे आकड्यांची विसंगती असं मी धरून चाललो होतो. आता कथा हातात आली की मी आधी त्यातल्या उसन्या पात्रांची यादी करतो आणि ज्याचं पात्र त्याला कळवतो. त्याचा होकार आल्यावरच चंद्र पाहतो. हे तेव्हा केलं असतं तर घंटेकरी कदाचित बुडालाच असता, त्याच्या लेखिकेच्या संमतीने आणि पहिल्या, चांगल्या शेवटात. आणि ती आज आमच्यात असती.

दोन प्रवाहांच्या पर्यायावर आठवडा घालवला, तो आधीच सोडायला हवा होता. कोणालाच नाही म्हणावं लागत नाही, या एका कारणासाठी तो आम्हाला आवडला होता.

एका बाबतीत आमचं अजून एकमत नाही. गणिती म्हणतो, की वही आणखी लहान करावी, पाच पानांवर आणावी. कादंबरीकाराला ती आहे तशीच हवी, कारण काळाचे अकरा टप्पे नसते तर तिला ४३० साल सुचलंच नसतं. मी अजून कोणाच्या बाजूने नाही.

नकाशात पठाराच्या पलीकडे आम्ही मुद्दाम कोरी जागा ठेवली आहे. तिथे काय आहे, ते मूळ लेखिकेने पूर्वीच लिहून ठेवलं होतं. जुन्या फाइलमधली ती बारा पानं तिने स्वतःहून काढून घेतली. गेल्या महिन्यात नव्या लेखकांपैकी एकाने तिला विचारलं, की पठार ओलांडल्यावर काय लागतं. ती म्हणाली, "तू जाऊन ये आणि मला सांग."